सालोमीच्या कानाच्या मापाचा

मी एक जुना इयरफोन आहे, आणि जुना झाल्याचं मला जराही दुःख नाही. माझी वायर तीनदा बदलली. माझ्या उजव्या बाजूला एक चरा आहे. माझ्यावर छापलेलं कंपनीचं नाव तर केव्हाच गेलं. पण मित्रांनो, मला कानात घालू शकेल असं या जगात एकच माणूस आहे, आणि त्या माणसाला मी अजून लागतो. हे भाग्य सगळ्यांच्या वाट्याला येत नाही. माझ्याही वाट्याला ते सहज आलं नाही.

माझा जन्म फार दूरच्या एका कारखान्यात झाला. ज्या यंत्रानं मला घडवलं, त्यानं त्याच दिवशी माझ्यासारखे हजारो घडवले. आम्ही सगळे हुबेहूब सारखे. आमच्या पाकिटावर लिहिलं होतं, 'सर्वांच्या कानांना बसेल असा'. मी ते खरं मानलं. दुसऱ्यानं आपल्याबद्दल चांगलं लिहिलं की आपण ते लगेच खरं मानतो.

२००३ साली मी वसई रोड स्टेशनबाहेरच्या एका दुकानात टांगलेला होतो. माझ्या एका बाजूला कंगवे होते आणि दुसऱ्या बाजूला टॉर्चचे सेल. एके दिवशी बावीस वर्षांची एक मुलगी आली. तिनं माझं पाकीट उलटंसुलटं करून पाहिलं, वरचं वाक्य दोनदा वाचलं आणि मला घेतलं. तिचं नाव सालोमी. ती पाचूबंदरची. तिची आई, मार्गारेट, वसईच्या बाजारात मासळी विकायची.

सालोमी जे काम करायची ते त्या काळात वसईला नवीन होतं. अमेरिकेतले डॉक्टर पेशंटला तपासून झालं, की काय आढळलं ते बोलून ठेवत. तो आवाज इंटरनेटवरून स्टेशनजवळच्या एका इमारतीत, दुसऱ्या मजल्यावरच्या ऑफिसात यायचा. इथली मुलं-मुली तो ऐकून टाइप करायची आणि ते कागद पुन्हा तिकडे जायचे. पायाखाली एक पेडल असायचं. दाबलं की आवाज पुढे जायचा, सोडलं की थांबायचा. ऑफिसचा एक कडक नियम होता. शब्द नीट ऐकू आला नाही तर अंदाजानं लिहायचं नाही. ती जागा कोरी सोडायची. कारण तो कागद कोणाच्या तरी औषधाचा असतो.

मित्रांनो, आता एक गोष्ट करून बघा. आपल्या कानाच्या भोकासमोर, गालाच्या बाजूला, बोट लावा. एक छोटासा उंचवटा लागेल. माझ्यासारखे इयरफोन त्याच उंचवट्याच्या आधारानं कानात टिकतात. सालोमीच्या डाव्या कानाला तो उंचवटा नव्हता. कानाची वरची कडही फाटून वेडीवाकडी जुळली होती. ती केस नेहमी डावीकडे मोकळे सोडायची, त्यामुळे ऑफिसात हे कोणाला माहीत नव्हतं. ऑफिसचे मोठे हेडफोन तिनं लावून पाहिले होते. तासाभरात ते तिच्या जुन्या जखमेवर घासायचे आणि कान लाल व्हायचा. म्हणून तिनं मला आणलं होतं.

आणि मी पहिल्याच दिवशी पडलो.

दुसऱ्या दिवशीही पडलो. दिवसातून चाळीस वेळा पडलो. तिनं माझ्यावर कापूस गुंडाळला, चिकटपट्टी लावली. शेवटी ती डाव्या हातानं मला कानाशी दाबून धरायची आणि एकट्या उजव्या हातानं टाइप करायची. तिच्या शेजारी बसणारा परेश दोन्ही हातांनी पावसासारखं टाइप करायचा, आणि ही एक एक अक्षर टिपायची. हात दुखला की मी सुटायचो. मी सुटलो की शब्द सुटायचा. उजव्या कानात मी टिकायचो, पण एकट्या कानानं ते घाईचं बोलणं उलगडत नसे. मला किती लाज वाटायची म्हणून सांगू! आवाज मी नीट देत होतो. तो डाव्या कानापर्यंत पोचतच नव्हता.

तिथल्या मुख्य होत्या वसुंधरा मॅडम. कडक, पण कोणाला चारचौघांत न बोलणाऱ्या. नोव्हेंबरमध्ये त्यांनी सालोमीला केबिनमध्ये बोलावलं. मी तिच्या गळ्यात होतो.

"सालोमी, तुझं इंग्रजी या बॅचमध्ये सगळ्यात चांगलं आहे," मॅडम म्हणाल्या. "मग एका पानात बारा जागा कोऱ्या का? आणि स्पीड असा का?"

"सॉरी मॅडम."

"सॉरी नको, कारण सांग. घरी काही प्रॉब्लेम आहे का?"

सालोमीचा हात केसांकडे गेला आणि परत आला. "नाही मॅडम. सुधारते मी."

"नाताळाच्या आधी टेस्ट आहे. त्यात पास झालीस तर कायम. नाही तर मला तुला ठेवता येणार नाही. मला वाईट वाटेल, पण नाही ठेवता येणार."

बाहेर आल्यावर ती जागेवर बसली. मला कानात घालायला गेली आणि मी पुन्हा पडलो. या वेळी तिनं मला उचललं नाही. मी वायरीला लोंबकळत राहिलो.

परेशनं ते पाहिलं. तो बोलघेवडा होता, पण त्या दिवशी हळू आवाजात बोलला. "ए, मी बरेच दिवस बघतोय. तू लेफ्ट हँड वापरतच नाहीस. कानाचं काय आहे का?"

तिनं डावीकडचे केस आणखी पुढे ओढले.

"माझी भाची आहे, पिंकी. तिला ऐकायला कमी येतं. तिचं मशीन पण असंच पडायचं. मग नालासोपाऱ्याला एक पांचाळकाका आहेत, त्यांनी तिच्या कानाचा साचा घेऊन मोल्ड बनवून दिला. एकदम फिट. आता ती दोरीच्या उड्या मारते तरी हलत नाही. तू त्यांना विचार ना, इयरफोनला तसं होतं का."

"खूप महाग असेल."

"बाहेरच्या देशात असे इयरफोन बनवून मिळतात, ते महाग. मी नेटवर बघितलंय, आपला तीन महिन्यांचा पगार जाईल. काका तेवढे नाही घेणार. विचारायला काय जातं?"

त्या दिवसापासून सालोमीच्या डोक्यात एकच गोष्ट घोळू लागली. घ्यावा की न घ्यावा? आणि मित्रांनो, तिच्या विचाराबरोबर माझंही नशीब टांगलेलं होतं. कारण तिनं फोनवर विचारलं तेव्हा पांचाळकाकांनी सांगितलं होतं, "नवा इयरफोन घेऊ नकोस. आहे तोच घेऊन ये. त्याच्या आतलं यंत्र चांगलं असेल तर तेच वापरू. फक्त अंग नवं देऊ. निम्म्यात काम होईल." म्हणजे एक तर मी कचऱ्यात, नाही तर मला नवं अंग!

घरी तिनं आईला सांगितलं. मार्गारेट नुकतीच बाजारातून आली होती आणि पाट्या धूत होती.

"कानाच्या मापाचा?" ती म्हणाली. "म्हनजे तुझ्याशिवाय कोनाला बसनार नाय?"

"नाही."

"नाय जमला तर परत घेनार?"

"परत कसा घेतील आय? माझ्या कानाचा असतो तो. दुसऱ्याला काय उपयोग?"

"मग ऐक सालू. तीस वर्षं मी मासळी विकते. जी वस्तू दुसऱ्याला विकता येत नाय ती घेऊ नये. पापलेट नाय खपला तर मी तो सुकवते, शेजारनीला देते, घरी खाते. याचं काय करनार? नाय बसला तर पैसे पान्यात!" तिनं पाटी जोरात आपटली. "आनि तो मानूस असले इयरफोन बनवतो का? का नुसता बहिऱ्या पोरांचं करतो?"

"इयरफोनचं पहिल्यांदाच करतील. तसं त्यांनी स्वतःच सांगितलं."

"बघ! तुझ्यावर शिकनार तो."

आईचं बोलणं खोटं नव्हतं. सालोमीनं रात्रीची भांडी घासून ठेवली. मग म्हणाली, "आय, इयरफोन घेतला आणि नाही बसला, तर पैसे जातील. नाही घेतला तर नोकरी जाईलच. ते तर ठरलेलंच आहे."

मार्गारेटनं तिच्याकडे पाहिलं. हे उत्तर तिला बाजारातलं, नफातोटा तोललेलं वाटलं असावं. ती म्हणाली, "रविवारी मिसा झाली की जाऊ. मी येते. भाव मी करनार."

रविवारी चर्चमधून दोघी तशाच निघाल्या. नालासोपारा पश्चिमेला, गासच्या रस्त्यावर, एका बैठ्या घरात शांताराम पांचाळ यांचं काम चालायचं. मोठं दुकान वगैरे काही नाही. एक टेबल, एक छोटी मोटर, पॉलिश करायचा ब्रश आणि भिंतीवर लाकडी फळीत लहान लहान डबे. प्रत्येक डब्यावर एका मुलाचं नाव. आत त्या त्या मुलाच्या कानाचा साचा.

काका साठीच्या घरातले होते. त्यांनी आधी मला तपासलं. कानाशी धरलं, एक गाणं लावलं, डोळे मिटून ऐकलं.

"यंत्र उत्तम आहे," ते म्हणाले. "ह्याचा काही दोष नाही."

मित्रांनो, तीन महिन्यांत माझ्याबद्दल कोणी बोललेला हा पहिला चांगला शब्द होता!

"भाऊ, आधीच सांगते," मार्गारेट सरसावली, "नाय जमलं तर निम्मे पैसे परत."

"ताई, नाही जमलं तर जमेपर्यंत करीन. पैसे एकदाच घेईन. पण एक सांगतो, मी आजवर ऐकण्याच्या मशीनचे मोल्ड केलेत, गेली वीस वर्षं. इयरफोनचं हे पहिलंच. तेव्हा खात्री नाही देत, प्रयत्न देतो. पटत नसेल तर आत्ताच नाही म्हणा, मला राग नाही."

खरं बोलणारा विक्रेता दिसला की मार्गारेट गोंधळायची. ती स्टुलावर बसली.

"आता कान दाखव पोरी," काका म्हणाले.

सालोमीनं उजवीकडचे केस मागे केले.

"तो नंतर. आधी डावा."

तिनं हळूच डावीकडचे केस बाजूला घेतले. काकांनी कान पाहिला. त्यांच्या चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही. सुतार लाकूड पाहतो तसं त्यांनी पाहिलं. "कधी लागलं?"

"चार वर्षांची होते. बोंबील वाळत घालायच्या बांबूंखालून पळत होते. बांबूला तार बांधलेली होती. तिचं टोक कानात अडकलं आणि मी तशीच पळत राहिले."

काकांनी बारीक कापसाचा बोळा दोऱ्याला बांधून कानात आत बसवला, म्हणजे मसाला खोल जाऊ नये. मग गुलाबी रंगाचा मऊ मसाला पिचकारीतून कानात भरला. पाच मिनिटं ते थांबले. मसाला घट्ट झाल्यावर त्यांनी तो अलगद फिरवून बाहेर काढला आणि टेबलावर, माझ्या शेजारी ठेवला.

तो सालोमीच्या कानाचा ठसा होता. आतली वाट, वरची वळणं, सगळं होतं. आणि जिथे तारेनं ओढलं होतं, तिथे तो खोलगट खड्डा आणि त्यापुढे एक वाकडी धार.

मार्गारेट उठून जवळ आली. तिनं तो ठसा उचलला. तळहातावर घेऊन बराच वेळ पाहत राहिली. तिचं बोट त्या वाकड्या धारेवरून एकदा फिरलं. सालोमी लहान असताना तीच तिची वेणी घालायची, आणि वेणी घालून झाली की डावीकडचे चार केस मुद्दाम सोडून कानावर आणायची. त्या कानाकडे नीट बघितल्याला तिला अठरा वर्षं झाली होती.

"ती तार मी बांधलेली," ती म्हणाली. "टोक आत वळवायचं राहून गेलं."

सालोमी दचकली. "आय, तू मला कधी बोलली नाहीस."

"काय बोलनार?" मार्गारेट म्हणाली. मग तिनं ठसा काकांच्या हातात दिला आणि पदरानं तोंड पुसलं. "भाऊ, बनवा. भाव तुमी सांगाल तो. एकदा बिघडला तर दुसऱ्यांदा बनवा. पन पोरीच्या कानात बसला पायजे."

बाजारातल्या तीस वर्षांत तिनं घासाघीस न करता केलेला हा पहिलाच सौदा असेल.

आठवडाभर मी काकांकडे होतो. त्यांनी माझं जुनं कवच कापलं. 'सर्वांच्या कानांना बसेल' असं ज्याच्याबद्दल लिहिलं होतं ते अंग दोन तुकडे होऊन टोपलीत पडलं. मला भीती वाटली, खोटं कशाला बोलू? माझा आवाज तयार करणारा भाग, नखाएवढासुद्धा नाही, उघडा टेबलावर पडला होता. मग काकांनी ठशावरून साचा केला, साच्यातून पारदर्शक कडक अंग घडवलं, त्यात बारीक भोक पाडून मला आत बसवलं. डावीकडे मी वेडावाकडा होतो, जिन्याच्या वळणासारखा. उजवीकडे वेगळाच. आरशात दाखवलं असतं तर मी स्वतःला ओळखलं नसतं.

पुढच्या रविवारी सालोमीनं मला घातलं. मी पडलो नाही. मी आनंदलो! पण दोन मिनिटांत मला जाणवलं की तिचा जबडा आवळला गेला आहे.

"कसं वाटतंय?" काकांनी विचारलं.

"छान आहे. चालेल काका."

काकांनी चष्मा काढला. "चालेल हा शब्द माझ्याकडे चालत नाही. ज्या पोरांना बोलता येत नाही त्यांचंही दुखणं मी त्यांच्या डोळ्यांवरून ओळखतो. तुला तर बोलता येतं. कुठे टोचतंय?"

सालोमी आईकडे बघायला लागली.

"माझ्याकडे काय बघते?" मार्गारेट म्हणाली. "कान तुझा हाय. सांग त्यांना."

मग सालोमीनं, आयुष्यात बहुधा पहिल्यांदा, अनोळखी माणसासमोर त्या जागेवर बोट ठेवलं. "इथे. जखमेच्या वर. आणि इथे थोडं सैल आहे."

काकांनी मोटर सुरू केली. माझी एक कड घासली, पुन्हा घातलं, पुन्हा काढलं. घासणं मलाही सुखाचं नव्हतं, मित्रांनो. पण प्रत्येक वेळी ती अधिक नेमकं सांगायची. 'अजून थोडं वर.' 'आता खाली दुखतं.' 'नाही, तिथे नाही.' सातव्या वेळेला मी तिच्या कानात शिरलो आणि एकाएकी सगळं शांत झालं. रस्त्यावरचा रिक्षांचा आवाज मागे गेला. तिचा जबडा सैल झाला. काकांनी गाणं लावलं.

ती दोन्ही हात मांडीवर ठेवून बसली होती. मला कोणी धरलेलं नव्हतं. तिनं मान हलवली, मग जोरात हलवली, मग उठून दोन उड्या मारल्या. मी जागचा हललो नाही.

"आय," ती मोठ्यांदा म्हणाली, कारण कान भरलेले असले की माणूस ओरडून बोलतो, "गानारी मधे श्वास घेते ना, तोसुद्धा ऐकू येतोय!" आनंदात तिच्या तोंडून घरची बोली निघाली होती.

सोमवारी ती दोन्ही हातांनी टाइप करायला बसली. परेशनं आधी आवाज ऐकला, मग वळून पाहिलं आणि हसला. त्या आठवड्यात कोऱ्या जागा बारावरून चारवर आल्या, मग एकावर.

टेस्ट झाली डिसेंबरच्या अठरा तारखेला. बॅचमधल्या चौघांना त्या दिवशी आलेली एकच खरी फाइल दिली होती. एका गुडघ्याच्या डॉक्टरांचं बोलणं. फार वाईट आवाज होता. डॉक्टर सुरुवातीला काहीतरी खात होते, मागे गाडीचा भोंगा वाजत होता. आधी त्यांनी सांगितलं की एका बाईंचा गुडघा दुखतो. पुढे सांगितलं की ऑपरेशन करायचं. हे पुढचं वाक्य स्वच्छ होतं. 'उजवा गुडघा.' पण पहिलं वाक्य त्या भोंग्यात बुडालं होतं.

सालोमीनं ते पहिलं वाक्य ऐकलं. पेडल सोडलं. पुन्हा ऐकलं. तिसऱ्यांदा ऐकलं. मी जेवढा स्वच्छ आवाज देता येईल तेवढा दिला. भोंग्याच्या खाली, घासाच्या आड, एक छोटा शब्द होता. 'डावा.'

तिनं ऐकलं तसं टाइप केलं आणि वर एक टीप लिहिली, की डॉक्टर आधी डावा गुडघा म्हणतात आणि नंतर उजवा, तरी विचारून घ्यावं.

बाकी तिघांनी दोन्ही ठिकाणी उजवा लिहिलं होतं. परेश आधीच कायम झालेला होता; त्यानं पडताळून पाहण्यासाठी केलेल्या चौथ्या कागदावरही दोन्हीकडे उजवा होता. वसुंधरा मॅडमनी सालोमीला बोलावलं. परेशही होता.

"सगळा कागद सुरेख आहे," मॅडम म्हणाल्या. "एवढी एकच चूक. पण ही मोठी चूक आहे सालोमी. डाव्याउजव्याची चूक म्हणजे नापास."

पूर्वीची सालोमी 'सॉरी मॅडम' म्हणाली असती. मी तिच्या गळ्यात होतो, मला तिच्या छातीचे ठोके लागत होते.

"मॅडम, चूक नाहीये. डॉक्टर डावा म्हणालेत."

"चौघांना उजवा ऐकू आलं."

"चौघं पुढचं वाक्य ऐकून मागचं धरून चाललेत. मी ऐकलंय."

परेश चुळबुळला. "खरं सांगू मॅडम? मला तिथे धड ऐकू नव्हतं आलं. पुढे राइट होतं म्हणून मी राइट टाकलं."

मॅडमनी फाइल लावली, स्वतःच्या हेडफोननं ऐकली. भोंगाच भोंगा. "मला नाही कळत. तुझा दे बरं." त्यांनी मला घेतलं आणि कानाशी नेलं. मी जीव तोडून बसायचा प्रयत्न केला, पण ते अंगच त्यांच्या कानाचं नव्हतं. मी घसरलो आणि टेबलावर पडलो.

आता कसं व्हायचं? जे मी ऐकवत होतो ते फक्त सालोमीलाच ऐकता येत होतं. साक्षीला दुसरं कोणी नव्हतं.

"हा माझ्या कानाचा आहे मॅडम," सालोमी म्हणाली. मग तिनं केस मागे घेतले आणि कानामागे खोवले. "माझा कान असा आहे. म्हणून त्या कोऱ्या जागा राहायच्या. तेव्हा सांगायला हवं होतं, सांगितलं नाही. पण आता मला नीट ऐकू येतं. तो शब्द डावा आहे."

मॅडमनी कानाकडे पाहिलं, मग तिच्या डोळ्यांकडे. "नक्की?"

"नक्की."

"ठीक आहे. तुझ्या टिपेसकट पाठवते. ते काय म्हणतात ते येईपर्यंत तुझा निकाल राखून ठेवते."

दोन दिवस काही आलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी मॅडम स्वतः सालोमीच्या टेबलाशी आल्या. हातात छापलेला कागद होता. तो त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असा वाचला. डॉक्टरांनी कळवलं होतं की दुखणारा गुडघा डावाच. पुढे उजवा म्हणाले ती त्यांचीच चूक, आणि ऑपरेशनच्या यादीतही ती तशीच गेली होती. यादी आता दुरुस्त केली आहे. ऑपरेशनच्या वेळी पुन्हा तपासतातच, पण चूक आधीच सापडली हे फार बरं झालं. ज्यानं ही टीप लिहिली त्याचे आभार.

"ज्यानं नाही, जिनं. आणि ती आजपासून कायम," मॅडम म्हणाल्या. आणि मग त्या कडक बाईंनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली! सगळं ऑफिस उभं राहिलं. परेशनं तर टेबल बडवलं. सालोमी खुर्चीत बसून रडत होती आणि हसत होती, आणि मी तिच्या कानात ते सगळं तिच्याबरोबर ऐकत होतो.

त्या वर्षी पाचूबंदरला त्यांच्या घरी नाताळ जोरात झाला. मार्गारेटनं बाजारात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला गोष्ट सांगितली. पण एक प्रश्न ती सालोमीला परत परत विचारायची. "ती बाई चालायला लागली का ग?"

"आय, आम्हाला ते कळत नाही. आम्ही फक्त टाइप करतो. पुढे काय होतं ते तिकडेच."

"असं कसं? कोनीतरी विचारायला नको?"

फेब्रुवारीत एका दुपारी सालोमीनं नवी फाइल लावली. तोच डॉक्टर, तीच खाण्याची सवय. तिनं टाइप करायला घेतलं आणि मधेच तिचे हात थांबले. त्याच बाई दाखवायला आल्या होत्या. डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन उत्तम झालं होतं. काठी सुटली होती. आणि डॉक्टर म्हणत होते, की आज त्या लिफ्ट न घेता जिना चढून वर आल्या.

सालोमीनं ते वाक्य दोनदा ऐकलं. कामासाठी एकदा, आणि दुसऱ्यांदा उगाचच. फाइल पूर्ण करून तिनं मॅडमची अर्ध्या तासाची परवानगी घेतली आणि मला गळ्यात तसंच ठेवून रिक्षानं बाजार गाठला. पेशंटचं नाव ती कोणाला सांगणार नव्हती, तसा नियमच होता. पण मासळीच्या ओळीत, केस मागे बांधून, सगळ्यांदेखत ती ओरडली, "आय, ती बाई आज जिना चढली!"

मार्गारेटच्या हातात सुरमई होती. ती तिनं पाटीत टाकली, दोन्ही हात वर केले आणि शेजारणींना हाका मारत सुटली. "ऐकला का ग सगळ्यांनी? जिना चढली! माझ्या सालूनं चढवली!" आशालता नावाची एक गिऱ्हाईक तिथे भाव करत होती. तिला काही कळलं नाही, पण तिलाही अर्धा डझन बोंबील जास्त मिळाले.

मित्रांनो, पुढे पांचाळकाकांकडे माझ्यासारखे बरेच इयरफोन तयार झाले. परेशनंही करून घेतला. सालोमी आज तिथेच नव्या मुलींचे कागद तपासते, आणि अवघड आवाजाची फाइल आली की सगळे तिच्या टेबलाकडे येतात. काम संपलं की ती मला मऊ फडक्यानं पुसते, वायर न पिळता गोल गुंडाळते आणि डबीत ठेवते. तुम्हीही आपल्या वस्तू अशाच जपा. आणि आपल्या कानांना, डोळ्यांना, गुडघ्यांना काही त्रास होत असेल तर लपवू नका. दुखतं ती जागा बोटानं दाखवा. दाखवल्याशिवाय कोणालाही ती नीट करता येत नाही.

बरं, आता पुरे. पेडल दाबलं गेलंय. कोणीतरी डॉक्टर बोलायला लागलेत, आणि आम्हाला दोघांना ते ऐकायचं आहे.